झाकली मूठ आणि उघडा हात

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



 ज्या माणसांनी पगाराच्या दिवशी रुपया-दोन रुपये वर्गणी काढून आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून हा विहार उभा केला, त्यांना अभिवादन करतो. त्यातली बरीच माणसं आज आपल्यात नाहीत.

समितीच्या पोरांनी आम्हाला विषय दिला, 'वय माणसाला काय शिकवतं?' आम्ही म्हटलं, बाबांनो, आम्ही गिरणीतली माणसं. नववीत शाळा सुटली. पुढचं जे काही शिक्षण झालं ते रातपाळी संपवून वाचनालयात आणि इथल्याच सतरंजीवर बसून झालं. विद्वानाला बोलवा. पोरं म्हणाली, विद्वानाचं ऐकतो आम्ही, तुम्ही बघितलेलं सांगा. तेव्हा जे बघितलं तेच बोलणार आहोत. आमची पंचावन्नी उलटली. समोर आमच्यापेक्षा वडीलधारी मंडळी बसली आहेत, त्यांच्यापुढे बोलताना संकोच वाटतो. काही जास्त-कमी झालं तर सांभाळून घ्यावं.

पहिलीच गोष्ट सांगतो. वय आपोआप काही शिकवत नाही. हे ऐकून आमच्या बरोबरीच्या काही जणांना लागेल. पण गिरणीत आम्ही हे रोज बघितलं. एकाच खात्यात, एकाच पाळीला, शेजारी-शेजारी दोन माणसं वीस-वीस वर्षं उभी असायची. एक जण नुसत्या आवाजावरून सांगायचा की अमक्या मशीनला तेल पाहिजे. हवेतली ओल कमी झाली की आज धागा जास्त तुटणार, हे त्याला आधीच कळायचं. दुसरा भोंग्याकडे कान लावून उभा. दोघांचे केस सारखेच पिकले, दोघांना पगारही सारखाच. पण नवीन आलेला बदली कामगार अडला की पहिल्याकडेच जायचा. धम्मपदातही केवळ पिकल्या केसांवरून कुणाचं थोरपण मानायला नकार दिलेला आहे. ती गाथा लकुंटक भद्दिय नावाच्या भिक्खूंच्या संदर्भात सांगितली जाते. हे भद्दिय अंगाने फार ठेंगणे होते. लोकांना ते पोरगेलेसे वाटायचे, कुणी चेष्टा करायचं. पण खरे थेर तेच होते. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी सुद्धा लोक वयावरून आणि उंचीवरून माणूस मोजत होते, आणि तेव्हा सुद्धा ते माप खोटंच होतं.

आता बघणाऱ्या माणसाला वय काही ना काही शिकवतंच. मग त्या शिकलेल्याचं पुढे काय होतं? आजचा आमचा मुद्दा एवढाच आहे.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मुठीत काही नसलं तरी चालेल, पण उघडून दाखवू नका, अब्रू राहते. आपल्या बापजाद्यांनी ही म्हण अंगावर वागवली आणि त्याला कारण होतं. खोली भाड्याने घ्यायला गेलं की आधी आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की खोली नाही. मग माणूस आडनाव झाकायचा, गाव झाकायचा, देवघर कुठे मांडणार म्हणून विचारलं तर हसून वेळ मारून न्यायचा. घरात पीठ नसलं तरी आई चुलीवर पाण्याचं भांडं चढवायची, शेजाऱ्याला धूर दिसला पाहिजे. त्या झाकण्याला आम्ही कधीच नाव ठेवणार नाही. ज्यांना चहूकडून मार बसत होता त्यांनी मूठ आवळून धरली, त्यात त्यांचं काय चुकलं?

पण मुठीचा दुसरा एक प्रकार आहे. ती ज्ञानाची मूठ. ती आपल्याविरुद्ध वापरली गेली. आमच्या आजोबांच्या काळात मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकर खात्यात, म्हणजे मागावर, घेत नसत. मागावर पगार चांगला. पण धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, असं सवर्ण विणकर म्हणत. म्हणून आपली माणसं कताईकडे, रिंग आणि थ्रॉसल खात्यात, कमी पगारावर राहिली. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. मागावरचं कसब काही आभाळातून पडलेलं नव्हतं. शिकवलं असतं तर आपल्या माणसाला सहा महिन्यांत आलं असतं. ते मुठीत धरून ठेवलं होतं, एवढंच. आणि शाळा, पाणवठा, पोथी, सगळीकडे हीच मूठ होती.

आता तथागतांकडे बघा. वयाची ८० वर्षं झाली होती. वैशालीजवळच्या बेलुव गावात त्यांचा शेवटचा वर्षावास. तिथे त्यांना जबर आजार झाला. त्यातून उठले तेव्हा आनंदांनी मनातली गोष्ट सांगितली. भगवंत भिक्खूसंघाला काही सांगितल्याशिवाय जाणार नाहीत, एवढाच आपल्याला आधार वाटत होता, असं ते म्हणाले. त्यावर तथागतांनी त्यांना समजावलं. धम्म शिकवताना त्यांनी आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी एक असा भेद कधी केला नव्हता, हातचं राखून काही ठेवलं नव्हतं. पालीत यासाठी एक शब्द आहे, आचरियमुट्ठि. म्हणजे गुरूची झाकलेली मूठ. ती मूठ तथागतांची नव्हती. त्याच बोलण्यात ते आपल्या शरीराला जुन्या, पट्ट्यांनी बांधून कशीबशी चालवलेल्या गाडीची उपमा देतात. ८० व्या वर्षी स्वतःचं थकलेलं शरीर सुद्धा त्यांनी शिष्यापासून झाकलं नाही.

ज्यांच्यासमोर पिढ्यानपिढ्या मूठ आवळली गेली अशी आपण माणसं. आपला शास्ता उघड्या हाताचा. मग आपल्या घरातली म्हातारी माणसं मूठ झाकून का जातात? आमच्या वयाच्या माणसाच्या मुठीत काय काय असतं, ते एकेक करून बघू.

पहिलं म्हणजे कागद. हसू नका. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा शाळेत होतो, वडील संपात होते. तो संप संपला असं रीतसर कधी जाहीर झालंच नाही. पुढे आम्ही बदली म्हणून गिरणीत लागलो, पंधरा-सोळा वर्षं मशीनवर काढली, आणि आमची गिरणीही बंद पडली. मग कामगारांनी लढा दिला, मोर्चे काढले आणि घराचा हक्क मिळवला. २०१२ साली म्हाडाची गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत निघाली. पण घरासाठी पुरावा पाहिजे. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत कामावर होतो, याचा पुरावा. हजेरी कार्ड, पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, काहीतरी.

आमच्या खात्यात एक सोबती होते. कामाला वाघ माणूस. पण घरचा सगळा कारभार स्वतःच्या डोक्यात. कागद लोखंडी पेटीत, किल्ली कमरेला. बायकोने विचारलं की म्हणायचे, 'तुला काय करायचंय?' एके दिवशी छातीत कळ आली आणि गेले. वहिनींना नवऱ्याचा तिकीट नंबर माहीत नव्हता. खातं कुठलं तेही माहीत नव्हतं, 'मशीनवर होते' एवढंच त्या सांगायच्या. पेटी फोडली. कागद होते! पण एका कागदावर जुनं आडनाव, दुसऱ्यावर गावावरून लावलेलं आडनाव, आणि फंडाच्या कागदावर वारस म्हणून त्यांच्या आईचं नाव. आई वारून बारा वर्षं झाली होती. वहिनींनी चार वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, प्रतिज्ञापत्रं केली, वारस दाखला काढला. ती माऊली शिकलेली नाही. 'हे माणूस माझ्याशी पंचवीस वर्षं बोललं असतं तर,' असं त्या एकदा आमच्या घरी बसून म्हणाल्या. आमच्या तोंडून शब्द फुटला नाही.

कागद जपून ठेवला म्हणजे निम्मं काम झालं. तो कुठे आहे आणि कशाचा आहे हे बायकोला, मुलीला, सुनेला माहीत असलं म्हणजे ते काम पुरं होतं. आम्ही घरी एक साधी पिशवी केली आहे. वर यादी चिकटवली आहे. बँक, फंड, पेन्शन, रेशनकार्ड, खोलीची पावती, वारस कोण, हयातीचा दाखला कधी द्यायचा. ती पिशवी घरातल्या प्रत्येकाने हातात घेऊन बघितलेली आहे.

दुसरा पैसा. गिरण्या बंद झाल्या तेव्हा ज्यांना भरपाई मिळाली त्यांच्या हातात एकदम रक्कम आली. जन्मात एवढे पैसे एकत्र पाहिलेले नव्हते. कुणी गावाला घर बांधलं, ते आज कुलूप लावून पडलं आहे. कुणी पोरीच्या लग्नात तीन दिवस मांडव घातला. कुणी दामदुप्पट देणाऱ्याच्या दारात नेऊन ओतले, तो दार बंद करून गेला. काहींनी मात्र पोरांना शिकवलं. आज बघतो तर ज्यांनी शिक्षणाला पैसे लावले त्यांच्याच घरी दिवस पालटलेले दिसतात. आणि एक गोष्ट बारकाईने बघितली. ज्या घरात तो पैसा सगळ्यांसमोर सतरंजीवर ठेवून चर्चा झाली, बायकोला विचारलं, मोठ्या मुलीला विचारलं, त्या घरात तो पैसा टिकला. जिथे बापाने एकट्याने ठरवलं तिथे सहसा टिकला नाही.

बापाचा हात उघडा असणं म्हणजे काय, ते सुभेदार रामजी आंबेडकरांकडून शिकावं. पेन्शन थोडी, परळच्या चाळीत एक खोली. भीमरावांना अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून ते त्यांना लवकर झोपायला लावत, स्वतः जागत बसत आणि पहाटे दोनला त्यांना उठवत. पुस्तकाला पैसे कमी पडले की लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन उसने घेत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवत. लेकीच्या दारात पैसे मागायला जाताना म्हाताऱ्या बापाला काय वाटत असेल? झाकली मूठ सांभाळायची तर ते गेले नसते. ते गेले, म्हणून पुढचं सगळं घडलं. १९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार वारले. मुलगा अमेरिकेला गेलेला त्यांनी पाहिला नाही, त्याने लिहिलेली घटना तर दूरच.

पण इथे एक सावधगिरीची गोष्ट वडीलधाऱ्यांना सांगायची आहे. हात उघडा ठेवा म्हणजे राहती खोली डोळे मिटून मुलाच्या नावावर करा, असं आम्ही सांगत नाही. आपल्या वस्तीत दोन घरं आम्हाला माहीत आहेत, नाव घेत नाही. सही झाल्यावर म्हातारीचं अंथरूण गॅलरीत आलं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली कायदा झालेला आहे. वयाची ६० वर्षं झालेला माणूस त्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. आणि मालमत्ता देताना 'माझा सांभाळ करायचा' या अटीवर दिली असेल आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. म्हणून ती अट कागदावर स्पष्ट लिहून घ्या. मुलगा चांगला असेल तर त्याला त्या ओळीचं वाईट वाटणार नाही.

तिसरं शरीर. गिरणीने पगार दिला आणि बरोबर दुसरंही काही दिलं. माग खात्यातल्या माणसाशी घरी सुद्धा ओरडून बोलावं लागतं. कार्डिंगमधल्या माणसाच्या छातीत कापसाची धूळ बसली, तो जिना चढताना दोनदा थांबतो. पण विचारलं तर काय सांगेल? 'काही नाही, जरा दम लागतो.' पुरुषाला दुखणं सांगायची लाज वाटते आणि बाईला सांगायला वेळ नसतो. साखर वाढलेली असते, पायाची जखम भरत नसते, आणि तरी तोंडावर हसू. आमच्या बरोबरीचे कितीतरी सोबती या लाजेने गेले. दुखणं झाकलं की ते मुठीतच वाढत बसतं. तेव्हा माता-भगिनींनो, नवऱ्याच्या 'काही नाही' वर विश्वास ठेवू नका, आणि स्वतः पण 'काही नाही' म्हणू नका. महापालिकेच्या दवाखान्यात साखर आणि प्रेशर तपासायला एक सकाळ जाते, एवढंच.

चौथी गोष्ट बोलायला कठीण आहे. ती म्हणजे माया. आपले वडील आपल्याशी किती बोलले? पाळीवरून आले, जेवले, झोपले. पोरगं पास झालं तर शेजाऱ्याला अभिमानाने सांगतील, पोराला नाही सांगणार. माया होती, काही कमी नव्हती, पण ती मुठीतच. आणि मायेसारखाच रागही मुठीत धरलेला असतो. या वस्तीत दोन सख्खे भाऊ आहेत, एका खोलीच्या वाटणीवरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. वंदनेला दोघे येतात, एक या खांबाशी बसतो, एक त्या खांबाशी. आज ते समोर असतील तर त्यांनी आमच्यावर रागवावं, चालेल. पण एक प्रसंग ऐकून घ्यावा. पावा नगरीत चुंद नावाच्या लोहाराच्या घरी तथागतांनी जेवण घेतलं. त्यानंतर त्यांचा आजार बळावला. शेवट जवळ आला होता. त्या वेदनेत त्यांना काळजी कशाची, तर चुंदाची. लोक त्याला बोल लावतील, त्याच्या मनाला टोचणी लागेल. म्हणून त्यांनी आनंदांना मुद्दाम सांगून ठेवलं की चुंदाची समजूत घाला, त्याचं दान पुण्याचंच आहे हे त्याला सांगा. मरणाच्या दारातला माणूस दुसऱ्याच्या मनावरचं ओझं उतरवून जातो. आपण धडधाकट असून खांबाच्या आडून एकमेकांकडे बघतो.

पाचवी गोष्ट शिकण्याची. म्हातारपणी माणूस शिकवायला फार उतावळा असतो आणि शिकायला लाजतो. घराघरात बघतो आम्ही. आजीला फोनवरचा बँकेचा निरोप वाचता येत नाही, नातीला विचारायचं तर कमीपणा वाटतो, आणि मग कुणीतरी गोड बोलून ओटीपी विचारून घेतो, खातं रिकामं होतं. नातीला विचारण्यात कसला आलाय कमीपणा? भद्दिय, अनुरुद्ध, आनंद हे शाक्य कुळातले तरुण संघात दाखल व्हायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. त्यांनी स्वतःच विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या. संघात ज्याची दीक्षा आधी तो ज्येष्ठ. म्हणजे या राजकुळातल्यांनी आपल्या न्हाव्यापुढे वाकायचं ठरवलं, आपला कुळाचा अभिमान मोडावा म्हणून. पुढे विनयात उपालींच्या तोडीचा कुणी नव्हता. आपल्या घरात फोनच्या बाबतीत नात ज्येष्ठ, आणि पुरणपोळीच्या बाबतीत आजी ज्येष्ठ. ज्याला ज्यातलं आधी कळलं, तो त्यात ज्येष्ठ.

बाबासाहेबांचं उदाहरण तर आपल्या घरातलंच. उतारवयात, मधुमेहाने आणि पायाच्या दुखण्याने शरीर पोखरलेलं असताना ते पालीचा अभ्यास करत होते, पालीचा शब्दकोश तयार करत होते, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहीत होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा घेतली तेव्हा वय ६५. नोव्हेंबरात काठमांडूच्या बौद्ध परिषदेला गेले. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. तो ग्रंथ छापून आला १९५७ साली, त्यांच्या मागे. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला माणूस ६५ व्या वर्षी विद्यार्थी राहू शकतो. मग चौथी शिकलेल्याने 'आता या वयात काय शिकायचं' म्हणावं, हे काही बरं दिसत नाही.

आता शेवटची मूठ. इथे आम्हाला थोडं स्पष्ट बोलावं लागेल. ती मूठ किल्लीची आहे. या विहाराच्या कपाटाची किल्ली, जमाखर्चाच्या वहीची किल्ली, माईकची सुद्धा. आम्ही ज्येष्ठ मंडळींनी हा विहार सांभाळला, वाढवला, त्याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. पण बैठकीला तरुण का येत नाहीत, असं आपण दर वर्षी विचारतो. अहो, येऊन करायचं काय? खुर्च्या मांडायच्या, पताका लावायच्या आणि हिशोब निघाला की बाहेर उभं राहायचं. आपल्या भगिनी वर्षावासाच्या तीन महिन्यांत रोज इथे ग्रंथवाचनाला बसतात, सगळ्यात जास्त हजेरी त्यांची, आणि समितीत त्यांची नावं शेवटच्या ओळीत. तथागतांनी संघाचा वारस म्हणून एकाही माणसाचं नाव घेतलं नाही. आपल्या मागे धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ता, असं ठरवून गेले. म्हणजे किल्ली त्यांनी सगळ्यांच्या हातात दिली. मग आपण कपाटाच्या किल्लीला एवढं का बिलगून बसतो?

कुणी म्हणेल, पोरं चुका करतील. करू देत. नवीन बदली कामगाराच्या हातून पहिल्या दिवशी धागे तुटायचेच. चांगला जुना माणूस त्याच्या हातातलं काम काढून घेत नव्हता. शेजारी उभा राहून एकदा सांधून दाखवायचा, दुसऱ्यांदा त्यालाच सांधायला लावायचा. किल्ली देऊन म्हाताऱ्यांनी घरी जावं असं आम्ही म्हणत नाही. शेजारी उभं राहावं.

आणि तरुणांनो, तुम्हीही ऐका. तुमच्याकडे फोन आहे, पदवी आहे, चार शब्द इंग्रजी आहेत. म्हणून समोरचा म्हातारा अडाणी आहे असं धरून चालू नका. ज्या बाईला सही करता येत नाही तिने दोनशे रुपयांत महिना काढलेला आहे. ते तुमच्या कुठल्याही पुस्तकात नाही. तिला विचारा. पण विचारून झाल्यावर ती म्हणते म्हणूनच मान्य करा, असंही नाही. कालामांना तथागतांनी काय शिकवलं? परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, अगदी आपला गुरू म्हणतो म्हणूनही एकदम स्वीकारू नका. स्वतः पारखून बघा, त्यातून आपलं आणि इतरांचं भलं होतं का ते बघा, मग धरा. आम्ही आज जे बोललो तेही पारखूनच घ्या. म्हातारा बोलतो म्हणून मान हलवू नका, आणि म्हातारा बोलतो म्हणून उठूनही जाऊ नका.

वर्धापन दिनाला नुसतं भाषण करून खाली बसायची आमची सवय नाही. म्हणून तीन कामं सुचवतो. समितीने विचार करावा.

एक, पुढच्या पौर्णिमेपर्यंत प्रत्येक घरात कागदांची पिशवी तयार व्हावी. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्या घरी आपली कॉलेजची मुलं-मुली जातील, यादी करून देतील, वारसाचं नाव बरोबर आहे का ते बघतील. रकमेचा आकडा कुणी विचारायचा नाही, तो घरचा घरात राहू द्या.

दोन, दर रविवारी वंदनेनंतर एक तास. त्यात एका आठवड्याला एक ज्येष्ठ माणूस किंवा बाई आपण बघितलेलं सांगेल. गाव कसं सोडलं, पाळी कशी भरली, घर कसं चालवलं. दुसऱ्या आठवड्याला तरुण मुलं ज्येष्ठांना शिकवतील. फोन, बँक, अर्ज कसा भरायचा, फसवणूक कशी ओळखायची. सांगितलेलं वहीत लिहून ठेवायचं. आपल्या माणसांचा इतिहास दुसरा कुणी येऊन लिहिणार नाही.

तीन, समितीच्या येत्या निवडीत निम्म्या जागा महिला आणि तरुणांना द्याव्यात, आणि जमाखर्चाची वही दर पौर्णिमेला इथे टेबलावर उघडी ठेवावी. ज्याला बघायची त्याने बघावी.

बांधवांनो, आपल्या आधीच्या पिढीकडे देण्यासारखं फार थोडं होतं आणि तरी त्यांनी वर्गणी काढून हा विहार दिला. आमच्या पिढीकडे त्यांच्यापेक्षा जास्त आहे. थोडी अक्कल आहे, थोडे कागद आहेत, काही किल्ल्या आहेत. हे सगळं देऊन झालं म्हणजे हात रिकामे होतील असं ज्यांना वाटतं, त्यांना आम्ही एवढंच सांगू की जो हात दुसऱ्याला सांधून दाखवतो त्याचं कसब कमी झालेलं आम्ही आजवर गिरणीत बघितलेलं नाही.

 

नमो बुद्धाय! जय भीम!